क्रोमची हिस्टरी आणि गुगलची माय अ‍ॅक्टिव्हिटी: जुनी वेबसाइट नेमकी कुठे शोधायची?

जुलैत सोयाबीन-कपाशीचा पीकविमा भरताना उघडलेली वेबसाइट नोव्हेंबरात क्रोमच्या हिस्टरीत शोधली तर सापडत नाही. कुणी पुसलेली नसते. क्रोमची हिस्टरी गेल्या 90 दिवसांचीच पानं दाखवते. 31 जुलैला पाहिलेलं पान ऑक्टोबरअखेर यादीतून जातं. विम्याची चौकशी मात्र बहुतेकदा त्यानंतरच सुरू होते.

पान 90 दिवसांच्या आतलं असेल तर हिस्टरीच बरी. मोबाइलवर क्रोम उघडून उजवीकडचे तीन ठिपके दाबा, ‘हिस्टरी’ (मराठी क्रोममध्ये ‘इतिहास’) निवडा आणि वरचं भिंग दाबून टाइप करा. संगणकावर कंट्रोल आणि एच ही बटणं एकत्र दाबली की हिस्टरी उघडते. हा शोध पानाचं नाव आणि पत्ता तपासतो, आतला मजकूर नाही. म्हणून सातबाऱ्याचं पान ‘सातबारा’ लिहून मिळेलच असं नाही. इंग्रजी अक्षरांत ‘भूलेख’ लिहा, तो शब्द पत्त्यातच आहे. सापडलेल्या दुव्यावर सेशन संपल्याचा संदेश आला तर घाबरू नका, त्या साइटचं मुखपृष्ठ उघडून पुन्हा लॉगिन करा. अर्जाचा क्रमांक हिस्टरीत सहसा नसतो. पावतीची पीडीएफ घेतली असेल तर ती फोनच्या ‘डाउनलोड’मध्ये पाहा.

माय अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे गुगलनं ठेवलेली तुमच्या वापराची नोंद, वेगळी. ती ब्राउझरमध्ये नाही, तुमच्या गुगल खात्यात असते; फोन बदलला तरी त्याच खात्यानं दिसते. गुगल खात्याच्या ‘डेटा आणि गोपनीयता’ विभागात जाऊन ती उघडा आणि तारीख टाकून शोधा. गुगलवर काय शोधलंत ते तिथे सापडतं, पण क्रोममध्ये उघडलेल्या साइट हव्या असतील तर ‘वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ चालू हवी आणि तिच्याखालची क्रोम हिस्टरीची चौकट टिक केलेली हवी. आज टिक केली तर पुढचंच जमा होतं, मागचं परत येत नाही. आपोआप पुसण्याची मुदत 3, 18 किंवा 36 महिने ठेवता येते. शेतकऱ्यानं निदान 18 ठेवावी, म्हणजे गेल्या खरिपातलंही मिळेल.

दोन्हीकडे न मिळणाऱ्या गोष्टीही असतात. फेसबुकमध्येच उघडलेला दुवा क्रोममध्ये नोंदला जात नाही. फोन कंपनीच्या स्वतःच्या ब्राउझरची हिस्टरी वेगळी असते, ती तिथेच पाहावी लागते.

हिस्टरी पुसली की माय अ‍ॅक्टिव्हिटीही पुसली गेली, हा समज चुकीचा आहे. दोन्ही ठिकाणी वेगळं पुसावं लागतं. सेतू केंद्रातल्या संगणकावर याकडे खास लक्ष द्या. तिथे पाहिलेली पानं त्या संगणकाच्या हिस्टरीत राहतात आणि तुमचं खातं उघडं राहिलं तर पुढच्या माणसाला तुमची अ‍ॅक्टिव्हिटीही दिसते. उठण्याआधी खात्यातून बाहेर पडा, किंवा सुरुवातीलाच इन्कॉग्निटो (हिस्टरी न ठेवणारी) खिडकी उघडा आणि काम झाल्यावर ती बंद करा.