हात कामात, कान मोकळे: घरकाम करता करता ऐकण्याची पार्श्वभूमी

१ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. सकाळी पावणेनऊला पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायणा’तलं पहिलं गीत लागलं. पुढे वर्षभर दर शुक्रवारी नवं गीत आणि शनिवारी-रविवारी त्याच वेळी त्याचंच पुनःप्रसारण, असा क्रम राहिला. त्या वर्षी अधिक महिना आल्याने गीतं ५२ऐवजी ५६ झाली. पुनःप्रसारणाला कारण होतं. ध्वनिमुद्रण करून ठेवायची सोय घरोघरी नव्हती, त्यामुळे शुक्रवारी नळाला पाणी आलं किंवा मुलाच्या शाळेची घाई झाली की गीत हुकायचं. शनिवार-रविवार हाताशी असल्याने ते परत गाठता यायचं. पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवरून उतरवून हवा तेव्हा ऐकायचा कार्यक्रम, घरकाम करताना का रुजला, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी लागते. रेडिओच्या काळात घरातली कामं घड्याळाशी जुळवून घेत आणि केंद्रावरचे लोक आपले कार्यक्रम घरातल्या कामांशी.

मुंबईत नियमित प्रसारण सुरू झालं ते २३ जुलै १९२७ला, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्रावरून. ती कंपनी १९३०मध्ये बुडाली, सेवा सरकारकडे गेली आणि १९३६मध्ये तिला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. पण पुढची कितीतरी वर्षं रेडिओ स्वयंपाकघरात पोहोचलाच नाही. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा संच मोठा, विजेवर चालणारा. बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागे, एरियलची तार बाहेर ताणावी लागे, वर पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत. असा संच बैठकीच्या खोलीतच असायचा आणि आतल्या खोलीत ऐकू यावा म्हणून आवाज मोठा ठेवला जायचा. ट्रान्झिस्टर आल्यावर सेलवर चालणारा रेडिओ फडताळात, ओट्याशेजारी, मोरीच्या कट्ट्यावर जाऊन बसला. घरकाम करताना ऐकण्याच्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण आम्ही याला मानतो, पॉडकास्टला नाही.

त्याच सुमारास ओट्यावर मिक्सर आला आणि नवी अडचण उभी राहिली. मिडियम वेव्हवर आवाज लहरींच्या कमी-जास्त उंचीतून पोहोचतो. मिक्सरच्या मोटरमधले कार्बन ब्रश फिरताना बारीक ठिणग्या पडतात आणि त्यांच्या लहरी नेमक्या त्याच उंचीत मिसळतात, म्हणून चटणी वाटताना रेडिओ खरखरायचा. एफएममध्ये माहिती लहरींच्या वारंवारतेत असते, त्यामुळे तिथे ही खरखर जवळजवळ येत नाही. मिक्सरचा स्वतःचा गोंगाट मात्र कायम राहिला, त्याकडे पुढे येऊ.

केंद्रावरच्या मंडळींना श्रोत्याचे हात कामात आहेत याची पक्की जाणीव होती. मुंबई केंद्राचं ‘वनिता मंडळ’ दुपारी लागायचं, स्वयंपाकघर आवरल्यानंतर. टेकाडे भावजी आणि मीनावहिनींचा ‘पुन्हा प्रपंच’ छोट्या प्रसंगांत बांधलेला असायचा. श्रुतिकेत पात्रं एकमेकांना सारखी नावाने हाक मारतात, ती उगाच नाही. कुकरच्या शिट्टीत एक वाक्य बुडालं तरी कोण कोणाशी बोलतंय हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. आजच्या बऱ्याच मराठी पॉडकास्टमध्ये हीच गोष्ट राहून जाते. पाहुण्याचं नाव सुरुवातीला एकदा येतं आणि पुढचा तासभर परत येतच नाही.

काम आणि आवाज यांची जोडी रेडिओहून पुष्कळ जुनी आहे. क्यूबात हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५पासून एक वाचक मंचावर बसून कामगारांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून देत. १९३०च्या दशकात अमेरिकेत साबण कंपन्यांनी गृहिणींसाठी दुपारच्या रेडिओ मालिकांना पैसे पुरवले. बीबीसीने जून १९४०मध्ये, ऐन युद्धात, कारखान्यांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ सुरू केलं. त्याचे नियम वाचण्यासारखे आहेत. अर्धा तास सलग वादन, आवाजाची पातळी सारखी, मध्येच हळू होणारे तुकडे नकोत. टाळ्यांचा ठेका असलेलं एक लोकप्रिय गाणंही वगळलं होतं, कारण कामगार हातातली अवजारं आपटून ताल धरतील अशी धास्ती होती.

आपल्याकडे जात्यावरची ओवी होती. तिथे ऐकणारी आणि गाणारी एकच, आणि लय जात्याच्या फेऱ्याची. पिठाची गिरणी गावात आली तसं पहाटेचं दळण थांबलं आणि ओव्यांना जागा उरली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या पुष्कळ ऐकायला मिळतात. भाजी निवडताना ऐकायला याहून चांगलं काही शोधावं लागणार नाही.

पॉडकास्टची गुरुकिल्ली आहे एक साधी मजकुराची फाइल, तिला आरएसएस फीड म्हणतात. अमेरिकी प्रोग्रामर डेव्ह वायनर यांनी २०००च्या अखेरीस या फीडच्या रचनेत ध्वनिफाइल जोडायची सोय केली. प्रत्येक भागापुढे तीनच गोष्टी नोंदवायच्या: फाइलचा पत्ता, तिचा आकार आणि तिचा प्रकार. ऐकणाऱ्याचं ॲप ठरावीक वेळाने फीड वाचतं आणि नवा भाग दिसला की उतरवून घेतं. पॉडकास्टच्या सुरुवातीच्या प्रवर्तकांपैकी एक, ॲडम करी यांचा आग्रह होता की मोठी फाइल रात्री, कोणी वाट बघत नसताना उतरावी आणि सकाळी तयार असावी. २००४मध्ये त्यांनी त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला, तो फाइल थेट आयपॉडमध्ये, म्हणजे ॲपलच्या खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रात टाकायचा. जून २००५मध्ये ॲपलने आयट्यून्स या आपल्या संगीताच्या प्रोग्राममध्ये पॉडकास्ट घेतले. आता कार्यक्रमाची वेळ केंद्र ठरवत नव्हतं, ज्याचं त्याने ठरवायचं होतं.

महाराष्ट्रात हे सगळं सावकाश आलं. डेटा महाग, फोन साधे, गाणी मेमरी कार्डावर भरून घ्यायची पद्धत. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि चित्र बदललं. २०१७मध्ये स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं कानांनी ऐकता येऊ लागली, २०१९मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. आज बीबीसी मराठीच्या ‘गोष्ट दुनियेची’सारख्या लिहून वाचलेल्या कार्यक्रमांपासून ‘अमुक तमुक’सारख्या लांब गप्पांपर्यंत भरपूर माल आहे. पण कोणत्या कामाला कोणता कार्यक्रम लावायचा, हे पूर्वी केंद्र बघायचं. ते आता घरातल्या माणसावर आलं, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

पोळ्या लाटणं, भांडी घासणं, कपड्यांच्या घड्या घालणं, लसूण सोलणं ही हातांच्या सवयीची कामं. त्यांच्यासोबत बोलणं नीट डोक्यात शिरतं. नवीन पाककृती वाचत करायची असेल, वाण्याचा हिशेब मांडायचा असेल, पाकाची तार बघायची असेल, तर बोलका कार्यक्रम बंद ठेवावा. वाचणं, मोजणं आणि ऐकणं तिन्हींना डोक्यातली भाषेचीच जागा लागते, म्हणून एक तरी निसटतं. अशा वेळी वाद्यसंगीत लावावं. लांबीही कामाकडे बघून निवडावी. वीस मिनिटांच्या भांड्यांना दीड तासाची मुलाखत लावली तर ती तीन-चार दिवस तुटत राहते आणि धागा सुटतो. वेग १.२५ केला की ६० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो. गप्पांना तो चालतो, कथावाचनाला नाही, कारण वाचणाऱ्याने जाणून घेतलेले विराम त्यात मरतात.

आता गोंगाट. चालू मिक्सरजवळ ८५-९० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, त्यात स, श, फ ही अक्षरं आधी बुडतात. फोनचा आवाज वाढवून त्यावर मात होत नाही, फोनचा स्पीकर फक्त फाटतो. मिक्सर लावताना भाग थांबवावा, नाहीतर नंतर १५ सेकंद मागे जायचं बटण दाबावं. फोन स्टीलच्या वाटीत ठेवला तर मोठा वाटतो, पण पत्र्यासारखा वाजतो. दोन भिंतींच्या कोपऱ्यात, वाफेपासून दूर ठेवला तर बोलणं जास्त स्वच्छ येतं. इअरफोन घालायचा तर एकाच कानात, आणि सेटिंगमध्ये मोनो (दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र) चालू करून, म्हणजे दुसऱ्या बाजूला मुद्रित झालेला पाहुणा गायब होत नाही. दोन्ही कान बंद केले की शिट्ट्या मोजायच्या राहतात, दाराची घंटाही ऐकू येत नाही.

बीबीसीने १९४०मध्ये धरलेला सारख्या पातळीचा आग्रह आज आकड्यात मांडतात. ॲपलची शिफारस उणे १६ एलकेएफएसची आहे (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं हे एकक), एक डेसिबल इकडेतिकडे चालतो. निवेदक मोठ्याने आणि पाहुणा पुटपुटत असेल तर तो कार्यक्रम रात्री शांततेत ऐकावा, ओट्यावर नाही.

भाग रात्री वायफायवर उतरवून ठेवायची सवय आजही कामाची आहे. १२८ केबीपीएसचा (सेकंदाला १२८ किलोबिट) तासाभराचा भाग ५८ एमबीच्या जवळपास जातो, ६४चा त्याच्या निम्मा. ऐकलेला भाग आपोआप पुसला जाईल अशी सेटिंग केली नाही तर महिन्याभरात फोन भरतो.

बरेच मराठी कार्यक्रम आता मुख्यतः यूट्यूबवर असतात. तिथे पैसे न भरता ऐकलं तर पडदा बंद करताच आवाज थांबतो, आणि पडदा चालू ठेवला तर कणकेच्या हातांनी जाहिराती ओलांडत बसावं लागतं. म्हणून त्याच कार्यक्रमाचं फीड पॉडकास्ट ॲपमध्ये आहे का, ते आधी शोधावं. गूगल पॉडकास्ट २०२४मध्ये बंद झालं तेव्हा यादी जपलेली नव्हती त्यांना सगळे कार्यक्रम नव्याने हुडकावे लागले. बऱ्याच ॲपमध्ये सेटिंगखाली ओपीएमएल (फीडच्या यादीची फाइल) निर्यात असा पर्याय असतो. त्यातून निघणारी छोटी फाइल स्वतःला ईमेल करून ठेवली की कोणत्याही दुसऱ्या ॲपमध्ये ती आयात करून सगळी फीड परत मिळतात.