कशिद्यात अंबारी आहे, राजा नाही

मराठी राज्यव्यवहारात कापडाला मोठा मान. छत्रपतींनी वस्त्रे दिल्याशिवाय कोणी पेशवा होत नसे. शाहू महाराजांनी थोरल्या बाजीरावांना ती १७२०मध्ये कऱ्हाडजवळच्या मसूरला दिली. पण शेला-पागोट्यावरचं जरीकाम माणसाचा दर्जा सांगायचं. काय घडलं ते सांगणं हे बखरकारांचं आणि शाहिरांचं काम.

भरतकामातून राजांची कथा सांगायची म्हटलं की फ्रान्समधल्या बाय्यूच्या पटाचं नाव निघतं. जवळपास ७० मीटर लांब आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद अशा लिननच्या पट्टीवर लोकरीच्या दोऱ्याने १०६६ची नॉर्मनांची इंग्लंडवरची स्वारी भरली आहे. वर लॅटिन ओळी, मध्ये घोडे, जहाजं, धूमकेतू, शेवटी इंग्लंडच्या हॅरल्ड राजाचा मृत्यू. स्कॉटलंडने २०१३मध्ये याच वळणावर आपला इतिहास १६० चौकटींत भरला. टाके घातले सुमारे हजार हौशी हातांनी, त्यामुळे राजांच्या शेजारी विणकर आणि कोळीही आले.

सांगलीकरांना हे अगदीच परकं वाटू नये. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८०१मध्ये मिरजेतून वेगळे झाले आणि त्यांनी सांगली राजधानी केली. या संस्थानात शहापूर, तेरदाळ, रबकवी ही विणकरांची गावंही होती. १९४८मध्ये संस्थान विलीन झालं, गावं पुढे कर्नाटकात गेली, पण कर्नाटकी कशिदा सांगली-मिरजेच्या घरांना ओळखीचाच राहिला. इरकलीच्या पदरावर काय असतं? अंबारीचा हत्ती, रथ, पालखी, गोपूर. मिरवणूक पूर्ण, फक्त राजा गायब!

एक कारण तंत्राचं. कशिद्याला छापा नसतो, कापडाचे धागे मोजून भरायचं. गवंतीचा टाका, म्हणजे त्यातला दुहेरी धावटाका, उभा, आडवा किंवा तिरका जातो, गाठ चालत नाही आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्या लागतात. त्यात घोड्याची उसळी किंवा ओळखू येईल असा चेहरा बसवणं महाकठीण. माझ्या मते दुसरं कारण जास्त खरं: पदर नेसायचा असतो. चुण्यांत गेलेल्या चित्रांना आधी-नंतर उरत नाही, आणि त्याशिवाय गोष्ट कशी सांगणार?

म्हणून उद्या कोणी सांगलीचा पट भरायला घेतला, तर पहिल्याच चौकटीत अडेल. १८०१च्या वाटणीतले काका-पुतणे, गंगाधरराव आणि आप्पासाहेब, दाखवायचे कसे? चेहऱ्यांसाठी मी खुशाल कशिदा सोडून साखळी टाका घेईन. हत्ती मात्र धागे मोजूनच भरावेत.