पार्श्वभूमी: क्वालिटीचा आकडा आणि चादरीचा लाल रंग

सोलापूरच्या पूर्व भागातला माल आता व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवरून आणि ऑनलाइन बाजारातूनही विकला जातो. मोराची नक्षी असलेली मरून चादर हातात घेतली तर मोराचा काठ दोरा न् दोरा दिसेल इतका स्वच्छ. फोटो 'हलका' करून, म्हणजे फाइल दाबून लहान करून, चढवला की तोच काठ फिसकटतो आणि पिवळ्या चोचीभोवती मळकट झाक येते. टर्किश टॉवेलचे लूप तर गायबच होतात, उरतो सपाट पत्रा. विचारलं की उत्तर ठरलेलं: "क्वालिटी ८० ठेवली होती की!" घोळ फोटो सेव्ह करताना निवडायच्या त्या ८० मध्येच आहे.

फोटो दाबण्यामागचं गणित १९७४ साली प्रसिद्ध झालं. बंगळुरूत जन्मलेल्या आणि अमेरिकेत शिकवणाऱ्या एका अभियंत्याने त्यासाठी १९७२ मध्ये अनुदान मागितलं होतं. ते मिळालं नाही. कल्पना फारच साधी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा होता. त्या साध्या कल्पनेवर उभं राहिलेलं जेपेगचं (.jpg फाइलचं) मानक १९९२ मध्ये आलं. त्यात चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनाचे ६४ आकडे निघतात, काही ढोबळ छटा सांगणारे, काही बारीक पोत सांगणारे. मग प्रत्येक आकड्याला तक्त्यातल्या ठरावीक आकड्याने भागतात आणि उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणतात. भाजक मोठा, तितका पोत जास्त उडतो.

आता हा तक्ता कुणी ठरवायचा? मानकाने तो सक्तीचा केलाच नाही. प्रयोगांवरून काढलेले नमुना तक्ते परिशिष्टात दिले आणि जोडीला एक टीप: यातले आकडे निम्मे केले तर दाबलेलं चित्र मूळ चित्रापासून सहसा ओळखू येत नाही. 'क्वालिटी १ ते १००' हा प्रकार मानकात शोधून सापडणार नाही. तो १९९१ पासून फुकट वाटल्या गेलेल्या एका सॉफ्टवेअरमधून आला आणि ते सॉफ्टवेअर जगभरच्या प्रोग्रामांच्या पोटात जाऊन बसल्यामुळे सर्वमान्य झाला. त्याचा हिशेब असा: ५० म्हणजे नमुना तक्ता जसाच्या तसा, ७५ म्हणजे निम्मा. म्हणून तर ७५ हा ठरलेला आकडा. ती परिशिष्टातली टीपच आहे. सगळ्यात बारीक पोताचा भाजक ५० वर ९९ असतो, ७५ वर ५०, ८० वर ४० आणि ९० वर २०. म्हणजे ८० ठेवले की ८० टक्के चित्र शिल्लक राहतं, असं अजिबात नाही. शिवाय फोटो स्टुडिओवाल्यांचं आवडतं सॉफ्टवेअर ० ते १२ अशी आपली वेगळीच पट्टी वापरतं. तिथले १० आणि इथले ८० यांची तुलनाच होत नाही, पण दुकानात ती सर्रास होते.

तक्ता मोकळा ठेवणं शहाणपणाचं होतं, असं माझं मत. बिघडलं ते तो मोकळेपणा परीक्षेच्या मार्कांसारख्या दिसणाऱ्या आकड्याआड झाकला गेला तिथे. गुळगुळीत चेहऱ्याला ८० पुष्कळ होतात. टॉवेलच्या लूपला तेच ८० महागात पडतात, कारण लूप म्हणजे नुसता बारीक पोत.

रंगाचं प्रकरण आणखी वेगळं, आणि ते त्या आकड्यात दिसतही नाही. माणसाचा डोळा उजेड-अंधारातला फरक बारीक टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून बहुतेक प्रोग्राम रंगाची माहिती उभी-आडवी निम्मी करतात. चार ठिपक्यांना मिळून एकच रंग. फुला-झाडांच्या फोटोत हे खपून जातं. मरून जमिनीवर पिवळी नक्षी असली की खपत नाही, कारण तिथे कडेवरचे दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात. काही प्रोग्राम क्वालिटी ठरावीक रेषेपुढे गेली की ही काटछाट आपोआप थांबवतात, काही कधीच थांबवत नाहीत. जॅकार्डचा ग्राफ, म्हणजे विणायच्या नक्षीचा घराघरांचा नकाशा, काढणाऱ्याला हे सांगितलं तर तो हसेल. चार घरांत एक रंग भरून त्याचं काम भागत नाही.

मधल्या काळात पेटंटची भांडणं झाली. जिफ या चित्राच्या जुन्या स्वरूपातल्या दाबण्याच्या पद्धतीवर १९९४ च्या अखेरीस परवाना शुल्क मागितलं गेलं, त्यातून १९९६ मध्ये पीएनजी हे नवं स्वरूप जन्मलं. लोगो आणि अक्षरांसाठी ते आजही उत्तम, चादरीच्या फोटोसाठी अवजड. जेपेगचा पुढचा अवतार, जेपेग २०००, गुणाने सरस असून वेबवर रुजलं नाही; आधारच्या क्यूआर कोडमधला चिमुकला फोटो मात्र त्याच स्वरूपात असतो.

पुढे केबीची, म्हणजे फाइलच्या वजनाची, मर्यादा घरोघरी पोचली ती भरतीच्या ऑनलाइन अर्जांमुळे. बँक भरतीच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. सही १० च्या खाली गेली तरी अर्ज अडतो, म्हणजे इथे चांगलं दाबणाऱ्यालाच शिक्षा. 'फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी लावणाऱ्यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे आकडा बसेपर्यंत तोच फोटो पुन्हा पुन्हा सेव्ह करणं. दर खेपेला आधीच्या नुकसानीवर नव्याची भर पडते. मूळ फाइल उघडून आधी लांबी-रुंदी कमी करावी आणि एकदाच सेव्ह करावं, एवढं केलं तरी चेहरा शाबूत राहतो.

दरम्यान फोटोची नवी स्वरूपंही आली: २०१० मध्ये वेबपी, २०१९ मध्ये एव्हीआयएफ. जेपेग एक्सएलने तर जुनी जेपेग फाइल एकही ठिपका न गमावता साधारण पाचव्या हिश्श्याने लहान करून दाखवली, तरी २०२२ मध्ये सर्वाधिक वापराच्या ब्राउझरने त्याचा प्रायोगिक पाठिंबा काढून घेण्याचं जाहीर केलं. पुरेसा उत्साह दिसत नाही, हे त्यांनी दिलेलं एक कारण. जे स्वरूप ब्राउझर दाखवतच नाही त्याबद्दल उत्साह कुठून यावा, हा त्यावरचा प्रतिप्रश्न मला तरी रास्त वाटतो.

चादरवाल्यांच्या दृष्टीने यात वेबपी महत्त्वाचं, कारण अनेक विक्रीच्या साइट चढवलेल्या फोटोचं आपणहून वेबपी करून घेतात. त्याच्या तपशील गमावून दाबण्याच्या प्रकारात रंग निम्मा करणं बंद करायची सोयच नाही. म्हणून आधीच ६० वर दाबलेला फोटो पाठवला तर तो तिथे दुसऱ्यांदा दाबला जातो आणि लाल-पिवळ्या कडा दोनदा मार खातात. साइटची मर्यादा असेल तेवढ्या वजनाचा, ९० च्या पुढचा फोटो चढवावा आणि दाबायचं काम तिच्यावर सोडावं.