बिझनेस क्लास लाउंज (विमानतळ)

विमानतळावर सिक्युरिटी चेकनंतर, गेटांच्या गर्दीपासून बाजूला काढलेली, ठरावीक प्रवाशांसाठीची बसण्या-खाण्या-विसाव्याची जागा. विमान कंपनीच्या बिझनेस क्लासचे तिकीट किंवा तिचे वरच्या दर्जाचे सभासदत्व असलेल्यांना येथे प्रवेश मिळतो. मराठीत 'प्रतीक्षाकक्ष' म्हणता येईल, पण तसे कोणी म्हणत नाही. बोलण्यात आणि छापण्यातही 'लाउंज' हाच शब्द रुळला आहे. प्रवासात विमान बदलताना मध्ये जो वेळ काढावा लागतो त्याला 'लेओव्हर' म्हणतात, आणि लाउंजची खरी किंमत त्या वेळातच कळते. पुण्याबाबत एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी : लोहगावच्या विमानतळावर फारसा कोणाचा लेओव्हर होत नाही, पुणेकराचा मात्र दिल्लीपासून फ्रँकफर्टपर्यंत कोठेही होतो.

उगम : तिकिटाच्या वर्गाप्रमाणे थांबायची जागा वेगळी, ही कल्पना रेल्वेची. पुणे स्टेशनवर वरच्या वर्गाचे प्रतीक्षालय वेगळे असते, हे पुणेकरांना नवे नाही. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला तर सुरुवातीला पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला त्या गाडीत पाय ठेवायला १९५५ साल उजाडले. विमानतळावर ही कल्पना आणली ती अमेरिकन एअरलाइन्सने. न्यूयॉर्कचे लाग्वार्डिया विमानतळ १९३९ मध्ये सुरू झाले आणि तेथे या कंपनीने 'ॲडमिरल्स क्लब' उघडला. कंपनी आपल्या विमानांना 'फ्लॅगशिप' म्हणत असे, तेव्हा मानाचे प्रवासी साहजिकच 'ॲडमिरल' ठरले. प्रवेश फक्त निमंत्रितांना होता. कोणाला बोलवायचे हे कंपनीच ठरवत असे. या पद्धतीवर पुढे भेदभावाचा आक्षेप आला आणि कंपन्यांनी वर्गणी घेऊन सभासदत्व देणे सुरू केले. प्रतिष्ठेची जागा पैशाने घेतली, असे त्यावर म्हणता येईल. पण निदान दर तरी भिंतीवर लागला.

'बिझनेस क्लास' हा प्रकार त्यानंतरचा, १९७०च्या दशकाच्या अखेरचा. तोपर्यंत विमानात साधारणपणे फर्स्ट आणि इकॉनॉमी असे दोनच वर्ग होते. कंपनीच्या कामासाठी ऐनवेळी पूर्ण भाडे भरून निघालेला नोकरदार आणि सवलतीच्या तिकिटावरचा पर्यटक इकॉनॉमीत शेजारी शेजारी बसत, आणि जास्त पैसे देणारा कुरकुरत असे. त्याच्यासाठी आधी पडद्याआडच्या काही रांगा, मग रुंद खुर्च्या असे करत हा वर्ग उभा राहिला. २००० मध्ये ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासच्या खुर्चीचा सपाट पलंग केला. इतरांनीही तेच केल्यावर विमानातला फरक कमी उरला आणि चढाओढ जमिनीवर, म्हणजे लाउंजमध्ये उतरली.

प्रवेश : बिझनेस क्लासचे तिकीट एकट्यापुरते असते. नवऱ्याचे तिकीट कंपनीने काढलेले बिझनेसचे आणि बायकोचे स्वतःच्या खर्चाने काढलेले इकॉनॉमीचे असेल तर लाउंजच्या दाराशी जोडपे फुटते. याउलट सभासदत्वाचा वरचा दर्जा असेल तर इकॉनॉमीच्या तिकिटावरही आत जाता येते आणि सोबत एक पाहुणाही नेता येतो. स्टार अलायन्सचे गोल्ड कार्ड हे याचे नेहमीचे उदाहरण. स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००) या विमान कंपन्यांच्या तीन मोठ्या आघाड्या. एका आघाडीतली कंपनी दुसऱ्या सभासद कंपनीच्या प्रवाशाला आपल्या लाउंजमध्ये घेते. एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्समध्ये गेली, त्यामुळे तिच्या प्रवाशाला फ्रँकफर्टला लुफ्थान्साच्या लाउंजचे दार उघडले.

अलीकडे एक फट पडली आहे. काही कंपन्या बिझनेस क्लासचेच स्वस्त तिकीट विकतात आणि त्यातून लाउंज वगळतात. आखाती कंपन्यांनी २०१९-२०च्या सुमारास हा प्रकार आणला. खुर्ची तीच, जेवण तेच, पण लेओव्हरचे पाच तास गेटासमोरच्या लोखंडी बाकावर. तिकीट काढताना बारीक अक्षरातली ओळ वाचण्याची पुणेरी सवय येथे उपयोगी पडते.

लेओव्हर आणि 'स्टॉपओव्हर' यांत घोटाळा होतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांच्या आतला थांबा हा लेओव्हर. त्याहून जास्त थांबल्यास तो स्टॉपओव्हर धरतात आणि भाड्याचा हिशेबही बदलू शकतो. परदेशातून येऊन दिल्ली किंवा मुंबईला विमान बदलून पुण्याला यायचे असेल, तर साधारणपणे पहिल्या भारतीय विमानतळावरच इमिग्रेशन, सामान ताब्यात घेणे, कस्टम्स आणि पुन्हा सामान देणे हे सगळे उरकावे लागते. कागदावर चार तासांचा दिसणारा लेओव्हर प्रत्यक्षात दीड तासाचा उरतो आणि लाउंजही मग देशांतर्गत भागातले मिळते, आंतरराष्ट्रीय भागातले नाही. गेटाबाहेर काढलेल्या सामानाच्या ढकलगाडीसह लाउंज शोधणारे गृहस्थ दिल्लीला नेहमी दिसतात. सामान पुन्हा दिल्याशिवाय आणि सिक्युरिटी ओलांडल्याशिवाय ते सापडणार नसते.

आत काय असते : दाराशी बोर्डिंग पास तपासला जातो. आत सोफे, खुर्च्या, चार्जिंगची भोके, वाय-फाय, वर्तमानपत्रे, बुफे, चहा-कॉफीची यंत्रे आणि बहुतेक ठिकाणी मद्य. यातले महत्त्वाचे एकच, आणि ते या यादीत नाही : अंघोळ. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघून पहाटे दोह्याला किंवा फ्रँकफर्टला उतरलेल्या माणसाला गरम पाणी, कोरडा टॉवेल आणि दार लावून घेता येईल अशी जागा मिळणे, ही लाउंजची खरी मिळकत. शॉवरसाठी काउंटरवर नाव सांगावे लागते, सकाळच्या वेळी रांग असते. अनुभवी प्रवासी आत शिरताच आधी शॉवरला नंबर लावतो आणि मग ताटाकडे वळतो. घालायचे कपडे हातातल्या बॅगेत असले पाहिजेत, हे पहिल्या खेपेला हमखास विसरते. चेक-इन केलेली पेटी लेओव्हरमध्ये हाती येत नाही.

खाण्यात त्या त्या देशाची चव दिसते. हाँगकाँगला कॅथे पॅसिफिकचा नूडल बार प्रसिद्ध आहे. इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्सच्या लाउंजमध्ये पिदे हा तुर्की पाव समोर भाजून देतात. जर्मनीत ब्रेत्झेल हा पिळाचा खारा पाव आणि नळाची बिअर. दोह्याच्या हमाद विमानतळावरचे कतार एअरवेजचे 'अल मुर्जान' लाउंज सुमारे १०,००० चौरस मीटरचे आहे. त्यात हरवणे सहज शक्य आहे. दुबईत २०१३ मध्ये उघडलेल्या कॉन्कोर्स ए मध्ये तर लाउंजमधूनच थेट विमानात चढता येते. बिझनेसच्याही वरचा थर फर्स्ट क्लासचा : फ्रँकफर्टला २००४ पासून लुफ्थान्साची फर्स्ट क्लाससाठी वेगळी इमारतच आहे, तेथून प्रवाशाला मोटारीने विमानापाशी सोडतात आणि बाथटबमधले रबरी बदक तो आठवण म्हणून घरी नेतो.

शाकाहारी माणसाची या बुफेत उपासमार होत नाही, पण कंटाळा येतो. चीज, पाव, सॅलड, हमस, फळे यांच्या पलीकडे गाडी क्वचितच जाते. आखाती लाउंजांत डाळ-भात बऱ्याचदा असतो. चतुर्थी लेओव्हरमध्ये आली तर दही, केळी आणि सुका मेवा यांवर भागते. हातातल्या पिशवीतली बाकरवडी किंवा दशम्यांचा डबा लाउंजमध्ये उघडायला सहसा कोणी हरकत घेत नाही. तेथले खाणे डब्यात भरून बाहेर नेण्याला मात्र मनाई असते आणि तशी पाटीही असते. पाटी वाचून शांतपणे दोन सफरचंदे खिशात घालणारे सर्व देशांत आढळतात.

शांतता ही लाउंजची आणखी एक सोय, आणि धोकाही तीच. पुष्कळ लाउंजांमध्ये विमान सुटण्याची घोषणा होत नाही. पडद्यावर बघून आपले आपण उठायचे असते. दुपारी एक ते चार हा वेळ पवित्र मानणाऱ्या शहरातल्या माणसाने तेथल्या आरामखुर्चीत पाठ टेकण्यापूर्वी मोबाइलचा गजर लावावा, आणि तो स्थानिक वेळेप्रमाणे लागला आहे ना, तेही पाहावे. मोठ्या विमानतळावर लाउंजपासून गेटापर्यंत वीस मिनिटे चालावे लागणे ही सामान्य गोष्ट आहे.

पुणे : लोहगावचा विमानतळ मुळात भारतीय हवाई दलाचा तळ आहे, नागरी विमाने तेथे पाहुणी असतात. धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची. युरोप-अमेरिकेला थेट जाणाऱ्या, इंधनाने भरलेल्या मोठ्या विमानांना ती अपुरी पडते. लुफ्थान्साने पुणे–फ्रँकफर्ट सेवा काही वर्षे चालवली, ती प्रिव्हॅटएअर या स्विस कंपनीच्या छोट्या विमानाने. चाकण-पिंपरीच्या जर्मन कारखान्यांत ये-जा करणारे तिचे नेहमीचे प्रवासी. ती बंद पडल्यावर पुण्याचे परदेशाशी थेट नाते आखात आणि आग्नेय आशियातल्या मोजक्या शहरांपुरते उरले. नवे टर्मिनल १४ जुलै २०२४ पासून वापरात आले आणि जुन्या इमारतीतली दाटी सरली. पण येथून सुटणारी बहुतेक विमाने इंडिगोची असतात आणि त्यांत बहुतेकदा बिझनेस क्लास नसतो. विमान कंपनीने स्वतःच्या बिझनेस प्रवाशांसाठी येथे ऐसपैस लाउंज थाटावे, एवढे गिऱ्हाईकच नाही.

त्यामुळे पुणेकराचे बिझनेस क्लास लाउंज पुण्याबाहेर असते, आणि पहिले असते मुंबईला. युरोप-अमेरिकेची विमाने मुंबईहून बहुधा मध्यरात्रीनंतर सुटतात. पुण्यापासून सहारचा विमानतळ सुमारे दीडशे किलोमीटर. द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात ट्रक बंद पडला तर काय, पावसाळ्यात दरड आली तर काय, चेंबूरला गर्दी लागली तर काय, असे सगळे 'तर काय' धरून घरातली मंडळी दुपारी चारलाच गाडीत बसवतात. ट्रक बंद पडत नाही, दरड येत नाही, आणि आठ वाजता मुंबईला पोहोचलेल्या माणसापुढे सहा तास उभे ठाकतात. तिकिटावर या थांब्याची नोंद नसते, पण हा लेओव्हरच. २०१४ मध्ये सुरू झालेल्या टर्मिनल २ मधल्या लाउंजमध्ये रात्री नऊच्या सुमारास डोळे मिटून बसलेल्यांत पुण्याचे किती, हे विचारायला हरकत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेले नवी मुंबई विमानतळ पुण्याला जवळ पडते. 'तर काय'ची यादी त्याने एक-दोन ओळींनी तरी आखूड होईल.

कार्डावरचे लाउंज : देशांतर्गत विमानतळांवर ज्याला सर्रास 'लाउंज' म्हणतात ते बहुतेकदा विमान कंपनीचे नसून खाजगी चालकाचे असते आणि बँकेच्या कार्डावर उघडते. १९९२ मध्ये सुरू झालेल्या प्रायॉरिटी पास या लाउंज-सभासदत्वाच्या योजनेने जगभर ही वाट पाडली. भारतात बँका आणि लाउंज यांच्यात तेव्हा मध्यस्थी करणारी ड्रीमफोक्स ही कंपनी २०२२ मध्ये शेअर बाजारातही आली. कार्ड यंत्रावर टेकवले की नाममात्र दोन रुपये जातात आणि इडली, उपमा, चहा समोर येतो. प्रत्येक प्रवेशाचे पैसे बँक मागल्या दाराने भरते. 'फुकट ते पौष्टिक' ही म्हण माहीत असलेल्या शहरात याचे पुढे काय झाले ते सांगायला नको. सकाळच्या विमानांच्या वेळी लाउंजबाहेरची रांग गेटावरच्या रांगेहून लांब होऊ लागली. बँकांनी मग मागच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच प्रवेश, अशा अटी घातल्या. बिझनेस क्लास लाउंजशी याचे नाव तेवढे सारखे. अंघोळीची सोय येथे सहसा नसते.

परतीचा प्रवास : काही विमानतळांवर उतरल्यानंतर वापरायचे लाउंज असते, म्हणजे रात्रभर उडून आलेला माणूस अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून थेट मीटिंगला जाऊ शकतो. लंडनच्या हीथ्रोला ब्रिटिश एअरवेजचे आणि फ्रँकफर्टला लुफ्थान्साचे असे लाउंज आहे. मुंबईला उतरून पुण्याला निघालेल्या प्रवाशासाठी ते काम द्रुतगती मार्गावरचा फूड मॉल करतो. तेथे बोर्डिंग पास लागत नाही, आधी कुपन घ्यावे लागते. वडापाव गरम असतो आणि शॉवर घरी गेल्यावर.