जादूच्या प्रयोगात सांता प्रकट करणं

नाताळच्या आसपास जे जादूचे शो होतात त्यात रिकाम्या दिसणाऱ्या पेटीतून, धुराड्यातून, बाहुलीच्या घरातून नाहीतर नुसत्या कागदी पडद्यातून अख्खा सांताक्लॉज बाहेर काढतात, तो हा प्रकार. जादूगार याला प्रॉडक्शन म्हणतात, म्हणजे स्टेजवर नसलेलं काहीतरी आणून दाखवायचं, मग ती बाई असो, वाघ असो की मोटरसायकल, आणि सांता त्यातलाच एक. पण वाघ निघाला की लोक दचकतात, सांता येणार हे मात्र पहिल्या रांगेतल्या चार वर्षांच्या पोराला पण आधीच माहीत असतं कारण ते पोस्टरवरच छापलेलं असतं. त्यामुळे कोण येणार यात काही दम नाही, कुठून आणि नेमका कधी येणार यावरच सगळा खेळ.

या शोचं मूळ घर ब्रिटन आणि अमेरिका. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये नाताळची सुट्टी म्हणजे थिएटरवाल्यांच्या कमाईचा सीझन असायचा, आणि स्टेजवरच्या सगळ्यात गाजलेल्या भासांपैकी एक पहिल्यांदा गाजला तोच मुळी २४ डिसेंबर १८६२ ला. रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर नावाच्या विज्ञान-व्याख्यात्याने डिकन्सच्या नाताळकथेतला एक प्रसंग करून दाखवला आणि त्यात चक्क भूत आणलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स नावाच्या इंजिनिअरची, पण नाव लागलं ते पेपर्स घोस्ट. प्रेक्षक आणि स्टेज यांच्यामध्ये मोठी काच तिरकी उभी करायची, पुढे खाली खड्ड्यात प्रखर उजेडात एक नट उभा करायचा, तो काचेत दिसतो आणि काच स्वतः दिसत नाही, म्हणून तो स्टेजवरच तरंगतोय असं वाटतं. २०१२ मध्ये कोचेला फेस्टिव्हलला मरून गेलेला रॅपर टुपाक स्टेजवर आला आणि सगळे होलोग्राम होलोग्राम करत बसले, ते पण हेच, फक्त काचेच्या जागी पातळ फिल्म. सांतासाठी याचा उपयोग तसा अर्धाच आहे, लांबून हात हलवून जायला ठीक, पण ज्याच्या आरपार मागचं झाड दिसतंय तो मुलांना चॉकलेट काय वाटणार. सांताला शेवटी खाली उतरून मुलांत जायचं असतं म्हणून हाडामांसाचा माणूसच लपवावा लागतो.

लपवायची एक जुनी आणि चांगली सोय म्हणजे आरसा. १८६५ मध्ये याच पेपरने थॉमस टोबिनबरोबर प्रोटियस कॅबिनेट आणलं, कपाटाच्या मधोमध एक खांब आणि आतल्या बाजूला बिजागरीवर दोन आरसे, ते वळून खांबाला येऊन टेकले की बाजूच्या भिंती त्यात दिसतात आणि तीच मागची भिंत वाटते, आरशांच्या मागे माणूस निवांत उभा. सांताच्या शोमधली फायरप्लेस बऱ्याचदा याच तत्त्वावर बनते, आत विटांचा रंग मारलेला, आरशात पण विटाच, त्यामुळे सांधा कळत नाही. फक्त आरशावर बोटाचा ठसा उमटला की संपलं.

दुसरी लाडकी वस्तू डॉल्स हाऊस, इंग्लिश जादूगार फ्रेड कल्पिटचं, १९२० च्या दशकातलं. चाकांच्या टेबलावर बाहुलीचं छोटं घर, दारं उघडून आतलं फर्निचर दाखवतात, दारं लावतात, आणि छप्पर उचलून आतून मोठ्ठा माणूस उभा राहतो. घर बाहेरून जेवढं खोल दिसतं तेवढं आतून नसतंच. नाताळसाठी यात फार काही बदलावं लागत नाही, छपराला एक धुराडं आणि कापसाचा बर्फ लावला की झालं. स्वस्तातला पर्याय म्हणजे टिप ओव्हर ट्रंक. पेटी प्रेक्षकांकडे आडवी कलंडवून झाकण उघडतात, आत काही नाही, पुन्हा उभी करतात आणि आतून सांता. पेटी कलंडते तेव्हा तळाची फळी जागीच राहते आणि त्यावर बसलेला माणूस पण जागीच राहतो, म्हणजे तो पेटीच्या आत नसून पेटीच्या मागे असतो, बस्स एवढंच. समोरून कळायला काही मार्गच नाही.

खरी डोकेदुखी पोटाची आहे. या पेट्या सडपातळ असिस्टंटच्या मापाने बनलेल्या असतात आणि यात बसवायचाय ढेरपोट्या म्हातारा. धुराड्यातून उतरणारा सांता ज्या कवितेने घरोघरी पोचवला ती २३ डिसेंबर १८२३ ला न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात आली होती आणि तिच्यातला सांता चिमुकला आहे, गाडी पण चिमुकली, तो डॉल्स हाऊसमध्ये आरामात मावला असता! पुढे १८६३ पासून व्यंगचित्रकार थॉमस नॅस्टने हार्पर्स वीकली या अमेरिकन साप्ताहिकात त्याची चित्रं काढली आणि १९३१ पासून हॅडन सुंडब्लोमने कोका कोलाच्या जाहिरातींत त्याला पूर्ण मापाचा, गुबगुबीत आजोबा करून टाकलं, त्याची शिक्षा आजचे जादूगार भोगतायत. उपाय असा की आत बसणारा बारीकच घ्यायचा आणि पोट मऊ फोमचं करायचं, दाबलं की चपटं, उभं राहिलं की फुगतं. तो बसतो गुडघे छातीला लावून, टोपी पट्ट्यात खोचलेली, गिफ्टची पोती रिकामी घडी करून पायाखाली, दाढीवर गुडघा येऊ नये म्हणून मान एका बाजूला. इलॅस्टिकची दाढी असेल तर उठताना ती हमखास नाकावर चढते, म्हणून जरा बरे लोक मिशी तरी स्पिरिट गमने, म्हणजे मेकअपच्या डिंकाने, चिकटवतात. घंटी त्याच्याकडे द्यायचीच नाही, ती विंगेतून दुसऱ्याने वाजवायची. आणि फ्लॅश पेपर, म्हणजे क्षणात भडकून जळणारा कागद, त्याचा भडका वगैरे सांताच्या आसपास अजिबात नको, सिंथेटिक दाढी पेट घेते, त्यापेक्षा फॉग मशीनचा धूर बरा.

दोन सांतांचा खेळ पण चालतो. एक धुराड्यात शिरतो आणि दुसऱ्या क्षणाला हॉलच्या मागच्या दारातून दुसरा ओरडत येतो. दाढी, चष्मा, टोपी यामुळे चेहरा झाकलेलाच असतो त्यामुळे जुळ्यांची गरज पडत नाही, फक्त बूट एकसारखे घ्यावेत, लहान मुलांची नजर बुटाच्या उंचीवरच असते. पेटीत माणसांची अदलाबदल करायचा प्रकार व्हिक्टोरियाच्या काळातल्या मॅस्कलिन या इंग्लिश जादूगारापासूनचा आणि हुडिनी आणि त्याची बायको बेस यांनी तो जगभर गाजवला, पण जादूगार आत गेला आणि सांता बाहेर आला असं केलं तर मुलं सरळ हिशोब लावतात की हाच तो. मग जादूगाराला लगेच दुसरीकडून यावं लागतं.

आणि मांडणीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे की श्रेय जादूगाराने घ्यायचं नाही. मी सांताला निर्माण केलं म्हटलं की तो सशासारखा टोपीतला माल झाला. म्हणून मुरलेले लोक उलटं करतात, जादूगार काहीतरी भलतंच आणायला जातो, मंत्र फसतो, पेटी हलायला लागते, मुलं ओरडून सांगतात मागे बघ मागे बघ आणि याला काही दिसत नाही, शेवटी सांता आपल्या मर्जीने येतो आणि जादूगारच सगळ्यात जास्त चकित होतो. पेटी कुठलीही असली तरी असेच शो जास्त रंगतात असं मला वाटतं.

आपल्याकडे मुंबई, गोवा, पुण्यात नाताळच्या पार्ट्यांना सांता येतोच, पण अडचण जागेची. सोसायटीच्या पटांगणात लोक तिन्ही बाजूंना बसतात आणि मॉलमध्ये तर वरच्या मजल्यांच्या कठड्यावरून वाकून बघतात, तिथं आरसा आणि टिप ओव्हर दोन्ही बाद, वरून सगळं मागचं दिसतं. अशा वेळी चारी बाजूंनी आणि वरून पण बंद असलेला कागदी तंबू आणि आत दिवा बरा पडतो, आधी पोटाची आणि गोंड्याच्या टोपीची सावली दिसते, मग कागद फाडून तो बाहेर येतो. सावली दिसली की अर्धं काम तिथंच होतं. दिवसाउजेडी मात्र हे जमत नाही, त्यामुळे संध्याकाळचीच वेळ घ्यावी लागते.

सांताला परत गायब करायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. गिफ्ट वाटप आणि फोटोंची रांग इतकी लांबते की तोवर प्रेक्षक पांगलेले असतात, तो सरळ दारातून चालत जातो आणि पेटी टेम्पोत चढवायला हात लावतो, अर्थात दाढी काढून.