महाविद्यालयीन ग्रंथालयातलं निर्लेखन : वादाची पार्श्वभूमी

निर्लेखन म्हणजे पुस्तक ग्रंथालयाच्या नोंदीतून रीतसर कमी करणं; कोणती पुस्तकं अशी कमी करायची यावर वाद होतो. जीर्ण झालेली, आवृत्ती जुनी झालेली आणि गहाळ झालेली अशी तिन्ही प्रकारची पुस्तकं ग्रंथालय समितीसमोर बहुधा एकाच यादीत येतात. मग गहाळ पुस्तकांवरचा संशय बाकीच्या दोन्हींवर पडतो, ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला जातो आणि कपाटं तशीच भरलेली राहतात.

चिठ्ठी देऊन पुस्तक मागायचं, कपाटाची किल्ली ग्रंथपालाकडे, असा कारभार होता तोवर नोंदवही आणि कपाट यांत फारसा फरक पडत नसे. मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक निवडण्याचा विचार रंगनाथन यांच्या 'ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत' या १९३१ च्या ग्रंथातच होता. तरीही विद्यार्थ्यांना कपाटापर्यंत जाऊ द्यायला आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांनी फार उशीर केला. हरवलेल्या पुस्तकाची वसुली आपल्याकडून होईल ही ग्रंथपालांची धास्ती त्यामागे होती, आणि ती निराधार नव्हती.

या धास्तीवर आधार म्हणून केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांकडे बोट दाखवलं जातं. २००५ च्या नियमांत आणि पुढे २०१७ च्या नियमांत (नियम २१५) तरतूद तीच आहे : वर्षभरात दिलेल्या किंवा वाचनासाठी वापरलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची तूट वाजवी मानावी, मात्र ती अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीमुळे झालेली नसावी. हे नियम सरकारी कार्यालयांसाठी आहेत. महाविद्यालयं त्यांचा आधार घेतात, पण अर्थ आपापल्या सोयीने लावतात.

घोळ होतो तो 'दर हजार' कशातले, यावर. समजा संग्रह ४०,००० ग्रंथांचा आहे आणि वर्षभरात १२,००० ग्रंथांची देवघेव झाली. संग्रहावर हिशेब केला तर २०० ग्रंथांची सूट मिळते, नियमाप्रमाणे केला तर फक्त ६०. त्यात वाचनकक्षात टेबलावर वाचून ठेवलेल्या पुस्तकांची नोंद कित्येक ठिकाणी होतच नाही, म्हणजे हक्काची सूट आणखी घटते. शिवाय २०,००० ते ५०,००० ग्रंथांच्या संग्रहाची पडताळणी तीन वर्षांतून एकदा केली तरी चालते. तीन वर्षांची तूट एकदम उघड होते आणि तिची तुलना एका वर्षाच्या मर्यादेशी केली जाते. ग्रंथपालावर याहून मोठा अन्याय क्वचितच होत असेल. एक हजार रुपयांवरच्या प्रत्येक गहाळ ग्रंथाची चौकशी करावी, ही अटही २००५ पासून तशीच आहे. अभियांत्रिकीचा साधा संदर्भग्रंथ आज या किमतीत मिळणं अवघड.

दुर्मीळ ग्रंथ कोणत्याही किमतीचा असो, त्याची चौकशी व्हावी, असंही हाच नियम सांगतो. दुर्मीळ कशाला म्हणायचं ते मात्र सांगत नाही. म्हणून 'दहा वर्षं कोणी नेलं नाही' हा एकच निकष मराठी विभागाला लावला की एकोणिसाव्या शतकातली छपाई रद्दीच्या गठ्ठ्यात जाते. कर कायद्याची जुनी आवृत्ती आणि जुनं मराठी नियतकालिक यांना एकच माप लावणं चूक आहे.

दुसरीकडे संलग्नतेसाठी येणारी समिती वर्षानुवर्षं ग्रंथसंख्या विचारत आली. आकडा कमी दिसणं परवडणारं नव्हतं, त्यामुळे कालबाह्य क्रमिक पुस्तकांच्या वीस-वीस प्रती दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या वहीत टिकून राहिल्या. पुस्तक पेढीच्या, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना दीर्घ मुदतीसाठी द्यायच्या प्रती तर विद्यार्थ्यांच्या हातांत झिजून गेल्या तरी कागदावर शाबूत असत.

संगणकीकरणाने हे उघडं पाडलं. पुस्तक हातात घेऊन नोंद करायची असल्याने जे सापडलं नाही ते संगणकात गेलं नाही. नोंदवहीतला शेवटचा दाखल क्रमांक एक आणि संगणकातली बेरीज दुसरी, असे दोन आकडे एकाच ग्रंथालयात नांदू लागले. बारकोड चिकटवल्यावर पडताळणीचं काम कितीतरी कमी वेळात होऊ लागलं, पण तफावतीचा निर्णय यंत्र घेत नाही.

२०१७ नंतर महाविद्यालयांच्या 'नॅक' मूल्यांकनात (राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद) ग्रंथसंख्येपेक्षा दैनंदिन वापर, ई-साधनं आणि वार्षिक खर्च यांना वजन आलं. त्यामुळे निर्लेखनाला प्रथमच अनुकूल वारं मिळालं. त्यातच नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला. जुन्या अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तकं आता रॅकच्या रॅक यादीत येत आहेत. गहाळ पुस्तकांची यादी त्यांच्यापासून वेगळी काढून, स्वतंत्र ठराव करून समितीपुढे ठेवण्याची पद्धत काही महाविद्यालयांनी सुरू केली आहे. बाकीच्या ठिकाणी अजून एकच यादी फिरते.