ब्रॉयलरचा उन्हाळा: खाद्य उचलण्याची पद्धत कुठून आली?

मार्च सरला की पोल्ट्रीवाल्यांत एकच विचारणा सुरू होते: सकाळी खाद्य किती वाजता उचलायचं, म्हणजे उन्हाने पक्षी मरू नयेत म्हणून त्यांच्यापुढून काढून घ्यायचं? या साध्या प्रश्नामागे बरीच वर्षं आहेत.

ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवला जाणारा कोंबडीचा वाण, घडला थंड मुलखात. अमेरिकेत 1948 आणि 1951 साली देशपातळीवर झालेल्या ‘चिकन ऑफ टुमारो’ स्पर्धांनी भरदार छातीच्या, झपाट्याने वाढणाऱ्या कोंबडीला बळ दिलं. आपल्याकडे 1971 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज उभारली आणि पुढे पुणे या धंद्याचं मोठं केंद्र बनलं. पक्षी आला, त्याच्यासोबत खाद्याची कोष्टकंही आली. मोठ्या ब्रॉयलरला मानवतं ते साधारण 18 ते 24 अंश. विदर्भातल्या मे महिन्याचा विचार त्या कोष्टकांत नव्हता.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती धापा टाकून अंग थंड करते. त्यात कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि रक्ताची आम्लता बिघडते. शिवाय खाल्लेलं पचवतानाही उष्णता तयार होते, प्रथिनांपासून सर्वांत जास्त, तेला-चरबीपासून सर्वांत कमी. उन्हात पक्षी कमी खातो म्हणून खाद्यात प्रथिनं वाढवण्याचा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला. मला तो अर्धवट वाटतो, कारण जादा प्रथिनांनी आतली धग वाढतेच. थोडी ऊर्जा तेलातून देणं आणि प्रथिनं न वाढवता लायसिन-मेथिओनिन या प्रथिनांच्या घटकांचा (अमिनो आम्लांचा) तोल सांभाळणं, ही त्याहून शहाणी वाट.

1980 च्या दशकात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात रॉबर्ट टीटर आणि सहकाऱ्यांनी सोडियम बायकार्बोनेट व अमोनियम क्लोराइडचे प्रयोग केले. आज पाण्यातून इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षार, देतात, त्यामागे अशा अभ्यासांचा मोठा वाटा आहे. ऊन चढण्याआधी पक्षी उपाशी ठेवला तर मर (मरणाऱ्या पक्ष्यांचं प्रमाण) घटते, हेही त्या काळात पक्कं होत गेलं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हेनेझुएलातल्या अभ्यासात दिवसा ऊर्जायुक्त आणि संध्याकाळपासून प्रथिनयुक्त असं दुहेरी खाद्य आजमावलं गेलं. कल्पना चांगली, पण एकाच शेडमध्ये दोन खाद्यं सांभाळायची कोणी?

खाद्य उचलायचं ते धापा सुरू होण्याआधी काही तास. पक्षी तापल्यावर उचललं तर पोटातल्या खाद्याची उष्णता आधीच निघू लागलेली असते. म्हणून सकाळी लवकर उचलून ऊन उतरल्यावर परत देतात. पाणी मात्र सतत आणि गार हवं. पत्र्याखालची पाइपलाइन दुपारी रिकामी करून ताजं पाणी सोडावं लागतं. संध्याकाळी सगळे पक्षी एकदम भांड्यांवर तुटून पडतात, तेव्हा फीडर (खाद्याची भांडी) कमी असतील तर ओरखडे आणि चेंगराचेंगरी ठरलेली. राहिलेली भूक रात्री भागते, त्यासाठी दिवे लागतात. भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात नेमका तोच भाग कोलमडायचा.

करार पद्धतीत पिल्लं आणि खाद्य कंपनीचं असतं. त्यामुळे पोत्यात काय भरलंय यावर शेतकऱ्याचा ताबा नाही. वेळ, पाणी आणि भांड्यांची संख्या त्याच्या हातात आहे, आणि मे महिन्यातली मर बरीचशी तिथेच ठरते.